'वितरण' आणि 'जोडणी' : अहवाल-साधनांच्या परवान्यांतील दोन शब्द

हिशेबाची, रुग्णालयाची वा पतपेढीची व्यापारी आज्ञावली रचणारा मनुष्य बिले, खतावण्या, पगारपत्रके छापण्याचे काम बहुधा मुळापासून स्वतः करीत नाही. त्यासाठी अन्य कोणी रचलेले अहवाल-साधन तो आपल्या आज्ञावलीत बसवितो आणि तिच्याबरोबरच ते गिऱ्हाइकाच्या हाती देतो. हे देणे कोणत्या अटींवर, हा प्रश्न सामान्यतः विधिज्ञांचा मानला जातो. तथापि या अटींचा गेल्या तीस वर्षांचा इतिहास हा पुष्कळ अंशी 'वितरण' आणि 'जोडणी' या दोन शब्दांच्या अर्थांचा इतिहास होय, असे प्रस्तुत लेखकास वाटते. ज्या कायद्यावर हे सर्व परवाने उभे आहेत तो आज्ञावलीला साहित्यकृतीच समजतो; भारतात १९८४ च्या दुरुस्तीने १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमातील साहित्यकृतीच्या व्याख्येत तिचा समावेश झाला. तेव्हा भाषेच्या अभ्यासकाने येथे पाऊल टाकणे हे अगदीच अतिक्रमण ठरू नये.

प्रारंभीच्या काळाचे ठळक उदाहरण क्रिस्टल रिपोर्ट्स हे आहे. कॅनडातील व्हँकूव्हर येथे अ‍ॅकपॅक या हिशेबाच्या आज्ञावलीला पूरक म्हणून जन्मलेले हे साधन १९९३ साली मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल बेसिकच्या तिसऱ्या आवृत्तीबरोबर दिले गेले आणि जगभर पसरले. आज्ञावलीकाराने अहवाल रचावयाचा आणि तो चालविण्यापुरता भाग, ज्याला धंद्यात 'रनटाइम' म्हणतात, प्रत्येक प्रतीमागे रॉयल्टी न देता गिऱ्हाइकाला द्यावयाचा, अशी ही सोय होती. येथे 'वितरण' म्हणजे चकतीवरून प्रत देणे. जो वाटतो तो एक, जो घेतो तो दुसरा, आणि दिलेली वस्तू मोजता येते.

आज्ञावली सर्व्हरवर राहून शेकडो माणसे ती दुरून वापरू लागली, तेव्हा हे चित्र विस्कटले. प्रत एकच, वाचक अनेक. मग वाटले काय आणि कोणाला? क्रिस्टलच्या पुढच्या परवान्यांत संगणकावर बसविलेला उपयोग आणि सर्व्हरवरील उपयोग यांची फारकत झाली. त्यांतील आणखी एक अट मोठी उद्बोधक आहे : साधन ज्या आज्ञावलीत बसवावयाचे, तिने त्यात स्वतःची 'महत्त्वाची व मुख्य' भर घातलेली असली पाहिजे. क्रिस्टललाच वेष्टन बदलून कोणी विकू नये, हा तिचा हेतू रास्तच होता. पण 'महत्त्वाची' हे विशेषण मोजावयाचे कशाने? एखाद्या लहान संस्थेचा सगळा माल म्हणजे नीटस अहवालच असतील, तर तिचे भवितव्य या एका विशेषणावर टांगलेले राहते. कंपनी मात्र हातोहात जात राहिली : १९९४ साली सीगेट, २००३ साली बिझनेस ऑब्जेक्ट्स, नंतर सॅप.

दुसरी परंपरा मुक्त आज्ञावलींची. जीएनूच्या ज्या परवान्याखाली पुष्कळ अहवाल-साधने निघाली, त्या एलजीपीएलच्या नावातले 'एल' हे अक्षर १९९१ साली 'लायब्ररी'चे होते. १९९९ साली ते 'लेसर'चे झाले. ही लायब्ररी व्यापारी आज्ञावलीस जोडण्याची मुभा आहे. परंतु त्या जोडकृतीच्या अटींनी गिऱ्हाइकाला स्वतःपुरता फेरबदल करण्यास आणि त्या फेरबदलातील दोष शोधण्यासाठी उलट-विश्लेषण करण्यास मज्जाव करता कामा नये, असे त्याचे सहावे कलम सांगते. उलट-विश्लेषणास सरसकट बंदी हे तर व्यापारी करारांचे नित्याचे वाक्य! दोन्ही कागद एकाच पेटीतून जात आणि एकमेकांचे खंडन करीत.

खरी मौज 'जोडणी' या शब्दाची. परवान्याची भाषा सी भाषेच्या कारखान्यात घडलेली आहे. हेडर-फाइलमधून दहा ओळींपर्यंतची लहानसहान भर आली तर ती माफ, इतका बारकावा त्यात आहे. जावा भाषेत हेडर-फाइल नाही आणि जोडणी आज्ञावली चालू असताना होते. तिथे 'इम्पोर्ट' ही एक ओळ लिहिणे म्हणजे जोडणे काय? २००४ साली फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या वतीने डेव्हिड टर्नर यांनी या परवान्याचा हेतू जावातही अबाधित राहतो असा खुलासा केला. हेतू अबाधित राहिला हे खरे. शब्द मात्र जुन्याच यंत्राचे राहिले. २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीतही हेडर-फाइल आणि त्या दहा ओळी जशाच्या तशा आहेत.

तेओदोर दान्चू यांनी २००१ साली आरंभिलेले जॅस्पररिपोर्ट्स हे जावातील साधन पुढे याच परवान्याखाली आले. ते पीडीएफ काढण्यासाठी ब्रूनो लोवाजी यांच्या आयटेक्स्ट या लायब्ररीवर विसंबून होते. २००९ च्या डिसेंबरात आयटेक्स्टची पाचवी आवृत्ती एजीपीएल या परवान्याखाली निघाली. सर्व्हरमुळे 'वितरण' या शब्दाला जी पोकळी पडली होती, ती बुजविण्यासाठीच हा परवाना लिहिला गेला : बदललेली आज्ञावली जाळ्यावरून वापरणाऱ्यालाही मूळ लेखन उपलब्ध करून द्यावे लागते. ज्यांना आपले लेखन उघडे करावयाचे नाही, त्यांनी व्यापारी परवाना विकत घ्यावा, अशी आयटेक्स्टची भूमिका. मात्र एकदा दिलेला जुना परवाना जुन्या आवृत्त्यांपुरता कायम राहतो. म्हणून जॅस्पर २.१.७ या जुन्या आवृत्तीवरच थांबले.

या थांबण्याची किंमत मराठीने मोजली. ऱ्हस्व इकार उच्चारात व टंकलेखनात व्यंजनामागून येतो, कागदावर त्याच्याआधी उमटतो. जोडाक्षरांत तर आकृतीच पालटते. जुन्या आयटेक्स्टला ही घडण अवगत नव्हती. 'स्थिती' या शब्दात पहिला इकार भलत्या जागी पडे, 'स्था'तला स् पाय मोडून उभा राही. नागरीची ही घडण साधणारा पूरक भाग आयटेक्स्टने सातव्या आवृत्तीच्या काळात काढला, तो त्या वेळी व्यापारी परवान्याने. जॅस्परने आडवाट शोधली : ठरावीक लिप्यांच्या अक्षराकृती जावाच्याच यंत्रणेकडून घडवून त्या पीडीएफमध्ये उतरवावयाच्या. अक्षर सुधारले, परंतु पानावर आता मजकुराऐवजी आकृती आल्या, म्हणून शोधण्यासाठी खरा मजकूर त्यांच्यामागे निराळा जोडण्याची सोय करावी लागली. दुसरीकडे जुन्या मुक्त आवृत्तीपासून ओपनपीडीएफ ही स्वतंत्र शाखा फुटली.

आपल्या शासनव्यवहारात लायसन्सला 'अनुज्ञप्ती' म्हणतात, लोक 'परवाना' म्हणतात. दोन्ही शब्द देणाऱ्याकडे पाहतात, अनुज्ञा कोणी दिली याकडे. घेणाऱ्याने ती वस्तू पुढे तिसऱ्याला दिली तर काय, या अर्थाचा रुळलेला शब्द मराठीत नाही. इंग्रजी परवान्यांतील 'सबलायसन्स'ला कोणी 'उप-अनुज्ञप्ती' म्हणतो, कोणी 'पोटपरवाना'. कुळकायद्याच्या मुलखात 'पोटकूळ' हा शब्द सर्वांच्या कानांवरचा असल्याने दुसरा पर्याय अधिक चटकन समजतो, आणि पोटकुळाची नाजूक स्थितीही तो बरोबर घेऊन येतो.