माहेरी जन्मलेलं बाळ कुणाच्या हिशोबात?

2023 मध्ये कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाली आणि एक जुनी वही घरोघरी माहीत झाली: कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14. गावातले जन्म-मृत्यू त्यात लिहिले जायचे. आज मी अशाच नोंदींवरून निघणाऱ्या एका आकड्याबद्दल बोलणार आहे: जन्मदर.

हिशोब सोपाय. वर्षभरातले जन्म भागिले वर्षाच्या मध्याची लोकसंख्या, गुणिले 1000. दोन हजार वस्तीच्या गावात 30 बाळं जन्मली, तर दर 15.

घोळ पुढे आहे. समजा, शिरूर तालुक्यातल्या न्हावऱ्याची लेक भीमेपलीकडे, दौंडमधल्या केडगावात दिली. पहिलं बाळंतपण माहेरी. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार जन्म जिथे झाला, तिथेच नोंद. म्हणजे नोंद न्हावऱ्यात, आणि बाळ वाढणार केडगावात! पुण्यात दवाखान्यात झालं, तर नोंद पुण्यात. काही जन्म तर कुठेच लिहिले जात नसत. नुसत्या वहीवरून केडगावच्या लसी आणि अंगणवाड्या ठरवल्या, तर कमी कुणाला पडणार? त्याच बाळांना.

यावर 1949 मध्ये सी. चंद्रशेखरन आणि अमेरिकेचे डेमिंग यांनी एक युक्ती मांडली. ती तपासली कोलकात्याजवळच्या सिंगूरच्या नोंदींवर. एकमेकींपासून स्वतंत्र अशा दोन याद्या घ्यायच्या. एकीत 80 जन्म, दुसरीत 75, दोन्हींत सापडणारे 60. मग एकूण जन्म अंदाजे 80 × 75 ÷ 60, म्हणजे 100. याद्यांत मिळून 95 च आहेत. उरलेले 5 दोन्हींतून निसटले!

सरकारची नमुना नोंदणी योजना याच दुहेरी नोंदीवर उभी आहे. निवडलेल्या गावांत एक स्थानिक माणूस वर्षभर जन्म टिपतो, दुसरा दर सहा महिन्यांनी स्वतंत्रपणे घरं फिरतो. जुळलं नाही, की पुन्हा दारात. आणि माहेरी झालेलं बाळ आईच्या राहत्या घरी मोजतात.

शिरूर तालुक्यातल्या वढूला पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं संशोधन केंद्र 2002 पासून आसपासच्या 22 गावांत घरोघर जाऊन जन्म, मृत्यू, स्थलांतर टिपतंय. मला यातलं पटतं ते एवढंच: आकडा वहीत बसून मिळत नाही, उंबऱ्यापर्यंत जावं लागतं.

आणि हो, पणजोबांची नोंद शोधताय? आपल्या गावात नाही मिळाली, तर त्यांच्या आजोळचं कोतवाल बुकही बघा. भेटू पुढच्या भागात!