दीपनगरचा पाईप किती ताणला?

भुसावळहून वरणगावकडं निघालं की दीपनगरच्या चिमण्या दिसतात. पहिला संच सुरू झाला 1968 साली. धूर, राख यांवर आपण पुष्कळ बोलतो. आज आतल्या पाईपबद्दल.

बॉयलरमधून टर्बाइनकडं जाणारी वाफ सुमारे 540 अंशांची असते. एवढ्या उष्णतेत आणि दाबाखाली पोलादसुद्धा वर्षानुवर्षं कणाकणानं ताणत जातं. इंजिनिअर त्याला क्रीप म्हणतात. वेळीच कळलं नाही तर पाईप फुटतो. तेव्हा जवळ कोण असणार? ड्युटीवरचा ऑपरेटर, नाहीतर ठेकेदाराचा पोरगा.

मग हे ताणणं मोजायचं कसं?

मूळ कल्पना जुनी आहे. तार ओढली की तिचा विजेला होणारा रोध बदलतो, हे विल्यम थॉमसन (पुढचे लॉर्ड केल्विन) यांनी 1856 साली दाखवलं. तिचं उपकरण व्हायला मात्र ऐंशी वर्षं गेली. 1938 च्या सुमारास अमेरिकेत सिमन्स आणि रूज या दोघांनी, एकमेकांना ठाऊक नसताना, ते केलं. रूज भूकंपात पाण्याच्या उंच टाकीचं काय होतं ते तपासत होते. हो, आपल्या गावोगावी असते तशीच टाकी, फक्त छोटं मॉडेल. त्यावर त्यांनी पातळ कागदासकट बारीक तार चिकटवली. झालं स्ट्रेन गेज! 1952 मध्ये ब्रिटनच्या सॉन्डर्स-रो कंपनीनं तारेऐवजी धातूचा पातळ पत्रा वापरला. आजही वजनकाट्यांच्या पोटात तीच जात असते.

खरी मेख उष्णतेत आहे. तांब्याची तार नुसती 1 अंशानं तापली तरी रोध इतका वाढतो, की वाटावं मीटरभर पाईप दोन मिलिमीटर ताणला! म्हणून तांबं-निकेलचा कॉन्स्टंटन हा मिश्रधातू आला, त्याचा रोध तापमानानं फारसा हलत नाही. खाली पिवळसर पॉलिइमाइडची फिल्म, गोल पाईपवरही छान वळते. पण अडीचशे-तीनशे अंशांपुढं फिल्म आणि गोंद दोघांचाही फार काळ निभाव लागत नाही. त्याहून तापलेल्या जागी प्लॅटिनम-टंगस्टनची तार सिरॅमिकच्या लेपात बसवतात. ती टिकते, पण लेप कडक. वळवला की तडकतो.

म्हणजे वळतं ते जळतं, आणि जळत नाही ते मोडतं.

यातून वाट निघतेय ती बारीकपणातून. काच फुटते, पण काचेची लोकर वळते. पाईपवर लॅगिंग गुंडाळणाऱ्यांना हे कुणी शिकवायला नको. तसेच सिरॅमिकचे अतिसूक्ष्म तंतू काढून, त्यांवर कार्बनसारखा वीज वाहणारा पदार्थ चढवून, जगभरच्या प्रयोगशाळांत लवचिक सेन्सर बनताहेत. अडचण एवढीच की कार्बन तापलेल्या हवेत जळतो, त्याला झाकावं लागतं. आणि प्रयोगशाळेतले काही तास वेगळे, पाईपवरची दहा वर्षं वेगळी.

आपल्याकडचा बॉयलर कायदा 1 लाख तासांनंतर अशा भागांचं उरलेलं आयुष्य तपासायला सांगतो. सलग चालला तर साधारण साडेअकरा वर्षं. दीपनगरचे 500 मेगावॅटचे दोन संच 2012 च्या सुमारास उभे राहिले, हिशेब करा. ही तपासणी शटडाऊनमध्ये होते: लॅगिंग काढायचं, व्यास आणि जाडी मोजायची, पोलादाचा पृष्ठभाग घासून त्याचा ठसा सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. तेव्हा पाईप गार असतो. तो ताणला जातो तापलेला असताना.