बीपीच्या तपासणीत कमरेची टेप कशी आली

उमरी तालुक्यातल्या गावांत आशाताई तिशीपुढच्या माणसांचा तक्ता भरायला दारात येते, तेव्हा तिच्या पिशवीत टेप असते. "मावशी, जरा सरळ उभ्या राहा, श्वास सोडा," म्हणत ती कमरेचा घेर घेते आणि आकडा लिहिते. वय, तंबाखू, दारू, अंगमेहनत आणि घरातल्या कोणाला बीपी-शुगर आहे का, या प्रश्नांच्या पंक्तीत हा आकडा बसतो. बाईचा घेर 80 सेंमीपर्यंत असेल तर शून्य गुण, 81 ते 90 असेल तर एक, त्यापुढे दोन. पुरुषांसाठी या मर्यादा दहा-दहा सेंमीने वर. सगळ्या गुणांची बेरीज चारच्या वर गेली, की त्या माणसाला तपासणीसाठी आधी पाठवायचं.

बीपी दंडावर मोजतात, मग कमर कशाला? याचं उत्तर तयार व्हायला शतकाचा मोठा भाग गेला.

1923 मध्ये स्वीडनचे डॉक्टर किलीन यांनी नोंदवलं, की वाढलेला रक्तदाब, रक्तातली वाढलेली साखर आणि गाऊट हे विकार एकाच माणसात वारंवार सोबत दिसतात. का, ते सांगायला त्यांच्याकडे साधन नव्हतं. 1936 मध्ये लंडनच्या हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी रुग्णांना ग्लुकोज आणि इन्सुलिन एकाच वेळी देऊन पाहिलं. काहींची साखर आटोक्यात राहिली, काहींची इन्सुलिन मिळूनही चढत गेली. शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, असंही घडू शकतं, हे तेव्हा उघड झालं. पण रक्तातलं इन्सुलिन नेमकं मोजता आलं ते 1960 च्या सुमारास, न्यूयॉर्कच्या रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांच्या पद्धतीमुळे. त्यानंतर 1966 मध्येच बीपीच्या रुग्णांत इन्सुलिन जास्त आढळल्याची नोंद झाली. 1987 मध्ये इटलीच्या फेरॅनिनी यांनी वजन बेताचं, मधुमेह नाही, फक्त बीपी आहे अशा तरुणांची चाचणी घेतली. त्यांचंही शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नव्हतं. पुढच्याच वर्षी स्टॅनफर्डच्या जेरल्ड रेव्हन यांनी या साऱ्या विकारांची मोट बांधून तिला 'सिंड्रोम एक्स' हे नाव दिलं.

आत घडतं ते असं. स्नायू इन्सुलिनचं ऐकेनासे झाले, की साखर पेशींत ढकलण्यासाठी स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं. मूत्रपिंड मात्र त्याचं ऐकतच राहतं. इन्सुलिनमुळे मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं, हे राल्फ डीफ्राँझो यांनी 1975 मध्ये दाखवलं होतं. मिठाबरोबर पाणी राहतं. वाढलेलं इन्सुलिन हृदय आणि रक्तवाहिन्यांना ताण देणाऱ्या मज्जातंतूंनाही चेतवतं. शिवाय निरोगी माणसात इन्सुलिनने रक्तवाहिन्या सैल होतात. तो गुणही क्षीण होतो. दाब वाढायला एवढी कारणं पुरतात.

टेप मात्र वेगळ्या घराण्यातून आली. 1947 मध्ये मार्सेचे झाँ व्हाग यांनी लिहिलं, की चरबी किती आहे याइतकंच ती कुठे आहे हे महत्त्वाचं. पोटावरची चरबी मांड्यांवरच्या चरबीपेक्षा घातक. रेव्हन यांनी आपल्या यादीत लठ्ठपणा घेतलाच नव्हता. ही दोन घराणी पुढे जुळली आणि या विकारसमूहाच्या 2005 च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत कमरेचा घेर सक्तीचा झाला. दक्षिण आशियाई पुरुषांची मर्यादा 90 सेंमी ठरली. युरोपीय पुरुषांची 94.

आपल्यासाठी मर्यादा खाली का, हे समजायला पुण्यात यावं लागतं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलं. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) अगदी सारखा, 22.3. पण शरीरातली चरबी युडकिन यांच्यात 9.1 टक्के, याज्ञिक यांच्यात 21.2 टक्के. वजनकाट्याला न दिसणारा हा फरक जन्मापासूनच असतो, असं याज्ञिकांच्या चमूने पुण्याजवळच्या सहा गावांत 1993 पासून चाललेल्या अभ्यासातून दाखवलं. तिथल्या बाळांचं सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं 3.5 किलो. पुण्याच्या बाळांचे हातपाय, पोट बारीक. पण खांद्याच्या पात्याखालची चरबी जवळजवळ तेवढीच. वेगळ्या एका तुलनेत नाळेच्या रक्तातलं इन्सुलिनही लंडनच्या बाळांपेक्षा जास्त निघालं.

म्हणूनच कापूस-सोयाबीनच्या रानात राबणाऱ्या, अंगाने किडकिडीत माणसाला "तुला कशाची शुगर" म्हणून सोडून देणं धोक्याचं आहे. अर्थात बीपीच्या प्रत्येक रुग्णामागे इन्सुलिनच असतं असं नाही. 1991 च्या एका अमेरिकी अभ्यासात हा संबंध गोऱ्यांत आढळला, तिथल्याच पिमा आदिवासींत आढळला नाही. मूत्रपिंडाचे आजार, आनुवंशिकता, ताटातलं मीठ ही कारणं आपापल्या जागी आहेतच.

पुण्याच्या चमूने पुढचा शोध आईपर्यंत नेला आहे. त्याच सहा गावांत जन्मलेली बाळं मोठी झाल्यावर, 2012 मध्ये, त्यांतल्या किशोरवयीन मुलामुलींना बी-12 जीवनसत्त्व द्यायला सुरुवात झाली. त्यांच्या पोटी येणाऱ्या बाळांच्या शरीरात चरबी साठण्याचा हा कल बदलतो का, हे त्यातून तपासायचं होतं.