लंडनच्या बसचा जिना आणि आपलं औषधाचं बिल

महिन्याच्या गोळ्यांची चिठ्ठी हातात पडली की बरेच रुग्ण विचारतात, "डॉक्टर, यातली एखादी कमी होईल का?" मी म्हणतो, "रोज चालायला लागा, मग बघू." चालण्याचा आणि हृदयाचा संबंध आज शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. सत्तरएक वर्षांपूर्वी मात्र तो डॉक्टरांनाही नीटसा माहीत नव्हता. तो सापडला लंडनच्या दुमजली बसमध्ये.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये हृदयविकाराचे झटके वाढत होते आणि कारण कळत नव्हतं. डॉ. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या व्यवसायांतल्या लोकांची माहिती जमवायला सुरुवात केली. बसवर त्यांना एक छान जोडी मिळाली. बस तीच, रस्ते तेच, दोघांची आर्थिक परिस्थितीही साधारण सारखी. पण ड्रायव्हर जवळजवळ पूर्ण पाळी बसून, तर कंडक्टर तिकिटं फाडत दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणारा! 35 ते 64 वयाच्या सुमारे 31 हजार पुरुषांची आकडेवारी तपासली, तेव्हा कंडक्टरांना हा आजार कमी होत असल्याचं दिसलं. झाला तरी त्यातून लगेच मृत्यू येण्याचं प्रमाण बरंच कमी होतं. मग टपाल खात्यात बघितलं. तिथेही पायी किंवा सायकलवर फिरणारे पोस्टमन टेबलावर बसणाऱ्या कारकुनांपेक्षा बरे निघाले. 1953 मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं.

आता एक शंका तुमच्याही मनात आली असेल. मुळातच जाड असणारी माणसं ड्रायव्हर होत असतील तर? मॉरिस यांनी ही शंका झटकली नाही. बस कर्मचाऱ्यांच्या गणवेशांची मापं नोंदलेली होती, ती काढली. ड्रायव्हरांच्या पँटचा कमरेचा घेर खरोखरच जास्त होता, तोही तरुण वयापासून! स्वतःच्याच निष्कर्षाला अडचणीची ठरणारी ही गोष्ट त्यांनी 1956 मध्ये छापली. मला या माणसाबद्दल आदर वाटतो तो इथे. पुढच्या तपासणीत मात्र सडपातळ असो की पोट सुटलेला, कंडक्टर ड्रायव्हरपेक्षा सुरक्षितच आढळला. सगळा फरक कमरेच्या घेराचा नव्हता.

पुढे त्यांनी बैठं काम करणारे सरकारी अधिकारी निवडले. त्यांच्या कामात जिना नव्हताच, म्हणून त्यांच्या फावल्या वेळाची नोंद घेतली. दम लागेल असा व्यायाम करणाऱ्यांना हृदयविकार कमी होत होता. (रमतगमत फिरणाऱ्यांना त्या अभ्यासात फारसा फायदा दिसला नाही. म्हणून मी "भरभर चाला" म्हणतो.) 1994 च्या एका लेखात मॉरिस यांनी व्यायामाला सार्वजनिक आरोग्यातली सर्वांत फायदेशीर खरेदी म्हटलं. डॉक्टरांच्या लेखात ही बाजाराची भाषा आली, कारण तोवर प्रश्न पैशांचाही झाला होता.

तो हिशेब 2016 मध्ये 'लॅन्सेट'मध्येच आला. हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह, स्तनाचा आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग, एवढे पाचच आजार धरले होते. 142 देशांत 2013 या एका वर्षात, अपुऱ्या हालचालीमुळे उपचारांवर सुमारे 5,380 कोटी डॉलर खर्च झाले असा अंदाज निघाला. (हे 'आंतरराष्ट्रीय डॉलर', म्हणजे देशोदेशींची महागाई जुळवून घेतलेले.) त्यातले 3,120 कोटी सरकारांनी भरले, 970 कोटी कुटुंबांनी. गुडघेदुखी, पाठदुखी यात नाहीच.

मॉरिस यांच्या देशात उपचारांचं बिल मुख्यतः सरकार भरतं. आपल्याकडे 2021-22 मध्येसुद्धा आरोग्यावरच्या दर 100 रुपयांतले सुमारे 39 रुपये लोकांच्या खिशातून गेले. त्यात हालचाल घटते आहे. 2000 मध्ये भारतात साधारण 22 टक्के प्रौढांची हालचाल अपुरी होती, 2022 मध्ये ती जवळपास निम्म्या प्रौढांची अपुरी असल्याचा अंदाज आहे. म्हणजे अँजिओप्लास्टीसाठी दागिने गहाण टाकायची वेळ येते ती घरच्यांवर.

तेव्हा गोळी कमी होईल का? नियमित चालून काहींची होते, काहींची होत नाही. पण ती स्वतःहून बंद करू नका. आणि चालताना छातीत दडपण आलं तर तिथेच थांबा आणि लगेच दवाखाना गाठा.