मटोरचे जनरल शाहनवाज

वर्गात आझाद हिंद फौजेचा विषय निघाला की सहगल, ढिल्लन, शाहनवाज ही तीन नावे मुलांना एका दमात पाठ होतात. एकदा एका मुलाने विचारले, "सर, शाहनवाज खान मग पाकिस्तानात गेले का? त्यांचं गाव तर तिकडेच ना?"

गाव तिकडचेच. रावळपिंडी जिल्ह्यातले मटोर. जन्म १९१४ चा, घराणे लष्करी, वडीलही फौजेत. मुलगा पंजाब रेजिमेंटमध्ये अधिकारी झाला. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले आणि हजारो हिंदी सैनिकांबरोबर तेही जपान्यांचे कैदी झाले.

ते लगेच आझाद हिंद फौजेत गेले नाहीत, हे आपण सांगत नाही. सुरुवातीला त्यांचा विरोधच होता. पिढ्यान्‌पिढ्या खाल्लेल्या मिठाचा प्रश्न होता, शिवाय जपान्यांवर भरवसा नव्हता. १९४३ मध्ये नेताजी आले आणि मग त्यांचे मन वळले. राजा की देश, असा प्रश्न समोर होता आणि आपण देश निवडला, असे त्यांनी पुढे कोर्टात सांगितले. मला हा माणूस मोठा वाटतो तो या उशिरामुळे. पहिल्याच दिवशी घोषणा देणाऱ्याला असे झगडावे लागत नाही.

सुभाष ब्रिगेडचे ते प्रमुख. ब्रह्मदेशाच्या डोंगरात त्यांच्या माणसांना गोळ्यांइतकेच उपासमारीने, मलेरियाने आणि हगवणीने मारले. मे १९४५ मध्ये ते पकडले गेले.

५ नोव्हेंबर १९४५ ला लाल किल्ल्यात खटला उभा राहिला. एक हिंदू, एक शीख, एक मुसलमान असे तिघे एकाच पिंजऱ्यात. तिघांना एकत्र उभे करून सरकारने स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला. गुलाम देशाला स्वातंत्र्यासाठी लढण्याचा हक्क आहे, असा युक्तिवाद भुलाभाई देसाईंनी केला. बचावात नेहरूही बॅरिस्टरचा झगा घालून आले. शिक्षा जन्मठेप काळ्या पाण्याची. पण जानेवारी १९४६ मध्ये सरसेनापती ऑकिनलेकने ती माफ केली. पुढच्याच महिन्यात मुंबईत नौसैनिकांनी बंड केले, तेव्हा आझाद हिंदच्या कैद्यांची सुटका ही त्यांचीही मागणी होती.

फाळणीत मटोर पाकिस्तानात गेले. शाहनवाज इकडे राहिले. १९५२ मध्ये मेरठमधून लोकसभेवर निवडून आले, रेल्वेचे उपमंत्री झाले. १९५६ मध्ये नेताजींच्या मृत्यूची चौकशी त्यांच्याकडे आली. विमान अपघातातच नेताजी गेले, हा निष्कर्ष त्यांनी दिला. समितीतले नेताजींचे थोरले बंधू सुरेशचंद्र बोस यांनीच तो मानला नाही. ज्याच्यासाठी सारे पणाला लावले, त्याच्या मृत्यूवर सही करणे सोपे गेले नसेल.

त्या मुलाला मी एवढेच सांगितले, "नाही बेटा, गेले नाहीत." डिसेंबर १९८३ मध्ये त्यांचा इंतकाल झाला. कबर दिल्लीत, जामा मशिदीजवळ आहे. तिथून लाल किल्ला चालत जाण्याइतका जवळ आहे.