अंतर्गत सुरक्षा शिक्षणातील अभ्यासक्रम-विनिमय (अमेरिका)

अंतर्गत सुरक्षा व आपत्तीपूर्वतयारी या विषयांचे पाठ्यक्रम, व्याख्याने आणि अध्ययनसाहित्य विद्यापीठांनी परस्परांना विनामूल्य वापरू द्यावे, अशी व्यवस्था अमेरिकेत २००१ नंतर उभी राहिली. कॅलिफोर्नियातील माँटेरे येथील ‘नेव्हल पोस्टग्रॅज्युएट स्कूल’ या नौदलाच्या विद्यापीठात असलेल्या अंतर्गत संरक्षण व सुरक्षा केंद्राचा भागीदारी उपक्रम हे तिचे प्रमुख उदाहरण होय. तीनशेहून अधिक विद्यापीठे व शासकीय संस्था त्यात सहभागी झाल्या आहेत.

पार्श्वभूमी

आपत्ती व्यवस्थापन हा विषय अमेरिकी विद्यापीठांना त्यापूर्वीही अपरिचित नव्हता. नॉर्थ टेक्सास विद्यापीठाने १९८३ मध्ये त्यातील पदवी अभ्यासक्रम सुरू केला. संघीय आपत्कालीन व्यवस्थापन संस्थेने (फेमा) १९९४ मध्ये मेरीलँडमधील एमिट्सबर्ग येथे उच्चशिक्षण कार्यक्रम हाती घेतला आणि प्राध्यापकांना थेट वर्गात वापरता येतील असे पाठ तयार करवून घेऊन ते सर्वांना खुले केले. अभ्यासक्रम-विनिमयाची कल्पना म्हणूनच सर्वस्वी नवी नव्हती.

११ सप्टेंबर २००१ च्या दहशतवादी हल्ल्यांनंतर मात्र अंतर्गत सुरक्षा या नावाने नवा विषय पुढे आला. त्याला सर्वमान्य पाठ्यपुस्तके नव्हती, अनुभवी अध्यापक थोडे होते, आणि विद्यार्थ्यांची मागणी तर वाढत होती.

स्वरूप

माँटेरे येथील केंद्र २००२ मध्ये स्थापन झाले. त्याच्या दीड वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे विद्यार्थी म्हणजे पोलीस, अग्निशमन, सार्वजनिक आरोग्य, आपत्ती व्यवस्थापन अशा खात्यांतील सेवारत अधिकारी. ते ठरावीक काळ माँटेरेस येतात. उरलेले अध्ययन नोकरी सांभाळून आंतरजालाद्वारे करतात. शिक्षणशुल्क नसते. त्यांचे प्रबंध बहुधा स्वतःच्या खात्यातील एखाद्या खऱ्या अडचणीवर असतात आणि केंद्राच्या अंकीय ग्रंथालयात ठेवले जातात. पुस्तकी विषयाला प्रत्यक्ष कामाचा आधार मिळतो तो येथे.

या अभ्यासक्रमासाठी सिद्ध झालेले साहित्य भागीदार संस्थांना दिले जाते. संपूर्ण पाठ्यक्रम स्वीकारावा की एखादेच व्याख्यान घ्यावे, हे त्या संस्थेने ठरवायचे. पदवी तिचीच असते. भागीदारांनी आपले साहित्यही इतरांना द्यावे, अशी अपेक्षा असते.

आशयातील बदल

आरंभीच्या अध्यापनात दहशतवादाला अग्रस्थान होते. ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना चक्रीवादळाने न्यू ऑर्लिअन्सचे पूरसंरक्षक तटबंध फुटले, शहराचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला आणि शासनयंत्रणेतील समन्वयाचा अभाव उघडा पडला. त्यानंतर नैसर्गिक, औद्योगिक व मानवनिर्मित अशा सर्व संकटांचा एकत्र विचार करण्यावर भर आला.

आक्षेप

अंतर्गत सुरक्षा ही स्वतंत्र ज्ञानशाखा आहे की अनेक शाखांची केवळ जुळणी, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. सामायिक साहित्यामुळे अध्यापनाची किमान पातळी राखता येते हे खरे. पण कॅलिफोर्नियाचा भूकंप आणि लुइझियानाचा पूर यांची तयारी एकाच टाचणावरून शिकवता येत नाही. आयत्या पाठाला स्थानिक भूगोलाची आणि तेथील यंत्रणेची जोड देण्याचे काम अखेर अध्यापकालाच करावे लागते, आणि त्याची जागा कोणताही विनिमय घेऊ शकत नाही.

भारतातील समांतर प्रयत्न

नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी दिल्ली येथे भरलेल्या आशियाई मंत्रिपरिषदेत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी मांडलेल्या दहा कलमी कार्यक्रमात, आपत्तीविषयक प्रश्नांवर काम करणाऱ्या विद्यापीठांचे जाळे उभारण्याचे कलम होते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेने पुढे असे जाळे उभारण्यास प्रारंभ केला.