जेलकोट : नौकेची चकाकती कातडी आणि आत शिरलेले पाणी

१/७
जानेवारी १९५९. न्यूयॉर्कच्या नौका-प्रदर्शनात क्लिंटन आणि एव्हरेट पिअर्सन या चुलत भावांनी २८ फुटी ‘ट्रायटन’ ही शिडाची नौका मांडली. ती ऱ्होड आयलंड राज्यातील ब्रिस्टल गावी बांधली होती. लाकडाची नव्हे, तर काचतंतू आणि पॉलिएस्टर रेझिनची.

२/७
फायबरच्या लहान होड्या १९४०च्या दशकापासूनच बनत होत्या. लाकडी नौकेला मात्र सांधे बुजवणे, रंग देणे, कूज आणि लाकूड पोखरणारे समुद्री जीव यांचा कायमचा जाच होता. फायबर त्यातून सोडवील, या विश्वासावर सातशेहून अधिक ट्रायटन बांधल्या गेल्या.

३/७
या विश्वासाचा दर्शनी भाग म्हणजे जेलकोट : रंगद्रव्य मिसळलेल्या रेझिनचा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा थर. त्याची रीत उलटी. साच्याला आतून मेण लावून प्रथम जेलकोट चढवतात. तो आळला की त्यामागे रेझिनमध्ये भिजवलेले काचतंतूंचे थर बसवतात. म्हणजे कळस आधी, पाया नंतर. साच्यातून नौका बाहेर येते ती चकाकी घेऊनच.

४/७
ही चकाकी केवळ शोभेची नसते. काचतंतू उघडे पडले, तर त्यांच्या कडेने पाणी आत झिरपते. उन्हानेही रेझिन झिजते. जेलकोट या दोहोंना अडवतो.

५/७
तरीही वर्षानुवर्षे पाण्यात राहिलेल्या अनेक फायबर नौकांच्या तळावर फोड दिसू लागले. फोड फुटला की आंबट वासाचा द्राव बाहेर येई. १९७० आणि ८०च्या दशकांत ही तक्रार सर्वत्र पसरली.

६/७
कारण शाळेतल्या प्रयोगातले होते. जेलकोटमधून पाण्याचे रेणू सावकाश पार होतात आणि आतील विद्राव्य घटक त्यात विरघळतात. तो दाट द्राव आणखी पाणी ओढतो. हेच परासरण, पाण्यात टाकलेला मनुका फुगतो तसा थर फुगतो. अमेरिकी तटरक्षक दलासाठी या फोडांचा सविस्तर अभ्यास १९८७ मध्ये झाला, तोही ऱ्होड आयलंड विद्यापीठातच.

७/७
पुढे जेलकोटसाठी अधिक जलप्रतिरोधक आयसोफ्थॅलिक रेझिन आणि त्यामागील थरासाठी व्हिनाइल एस्टर वापरात आले. जुन्या नौकांचा जेलकोट खरवडून, तळ महिनोन्‌महिने वाळवून, इपॉक्सीचे थर देण्यात आले. फोडांनी नौका क्वचितच बुडवल्या. बुडाली ती देखभालीविना टिकणाऱ्या नौकेची कल्पना.